खाडीला पूर, किनाऱ्याला वादळ: मच्छीमारांच्या सरकारी मदतीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाभोळच्या खाडीकाठी एका मच्छीमार सहकारी संस्थेचं दप्तर मी सांभाळते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी आणि शिव नद्यांचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, ते सगळ्या राज्याने टीव्हीवर पाहिलं. तेच पाणी पुढे खाडीत उतरलं तेव्हा काठावरच्या वाड्यांचं काय झालं, ते फारसं कुणाला दिसलं नाही. होड्या खुंट्यासकट गेल्या, जाळी गाळात गाडली गेली. त्या वर्षापासून लोक मला जे विचारत आलेत ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं होडीवाल्यांसाठी आहेत, आणि तितकीच संस्थांचे सचिव, सरपंच आणि तालुक्या-जिल्ह्याला बसून मदतीचा आराखडा करणाऱ्यांसाठीही.

मदतीचा पैसा नेमका कुठून येतो?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ या कायद्याखाली प्रत्येक राज्यात राज्य आपत्ती प्रतिसाद निधी असतो. महाराष्ट्राच्या बाबतीत त्यातले ७५ टक्के केंद्र देतं, २५ टक्के राज्य घालतं. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी आपत्तीच्या पैशाची जी वाटणी केली ती समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १०० रुपये असतील तर ४० तातडीच्या मदतीला, ३० पुनर्बांधणीला, १० पूर्वतयारीला आणि उरलेले २० धोका कमी करण्याच्या कामांना.

पूर ओसरल्यावर आपण तहसीलला ज्यासाठी खेटे घालतो तो पैसा पहिल्या ४० मधला. बाकीच्या ६० रुपयांत मच्छीमारांचं काही असू शकतं, हे आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं.

नुकसान फार मोठं असेल तर राज्य केंद्राकडे निवेदन पाठवतं, केंद्राचं आंतरमंत्रालयीन पथक पाहणीला येतं, मग उच्चस्तरीय समिती राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद निधीतून रक्कम मंजूर करते. हा रस्ता लांबचा आहे. आणि तिसरा पैसा म्हणजे राज्याने स्वतःच्या तिजोरीतून दिलेली वाढीव मदत. ती दर वेळी वेगळ्या शासन निर्णयाने येते, आपोआप येत नाही.

पूर धरतात, पण समुद्राला उधाण येऊन नुकसान झालं तर?

केंद्राच्या यादीत चक्रीवादळ, पूर, त्सुनामी, ढगफुटी, दरड कोसळणं या आपत्ती आहेत. उधाण नाही. पण राज्याला स्थानिक आपत्ती ठरवण्याचा अधिकार आहे, आणि त्यांच्यासाठी निधीच्या १० टक्क्यांपर्यंत खर्च करता येतो. महाराष्ट्राने अतिवृष्टी, अवेळी पाऊस, वीज पडणं, आकस्मिक आग आणि समुद्राचं उधाण या यादीत घेतलं आहे. म्हणून अर्जात 'लाटांनी नुकसान' असं मोघम लिहू नका. 'समुद्राचे उधाण' असे शब्द आणि तारीख लिहा. अतिवृष्टी असेल तर आपल्या महसूल मंडळात त्या दिवशी २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला गेला का, ते तहसीलमधून विचारून घ्या.

होडीला किती मिळतं? जाळ्याला किती?

केंद्राने २०२२-२३ ते २०२५-२६ साठी ठरवलेले दर असे:

- होडीचं अंशतः नुकसान, दुरुस्तीसाठी: ६,००० रुपये
- होडी पूर्ण नष्ट: १५,००० रुपये
- जाळ्याचं अंशतः नुकसान: ३,००० रुपये
- जाळं पूर्ण नष्ट: ४,००० रुपये

याआधीच्या निकषांत हेच आकडे ४,१००, ९,६००, २,१०० आणि २,६०० होते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानंतर राज्याने आपल्या पदरचे घालून दुरुस्तीला १०,०००, पूर्ण नष्ट होडीला २५,००० आणि जाळ्याला ५,००० रुपये दिले होते. निकषांची मुदत संपली की दर बदलतात, तेव्हा अर्जाच्या वेळी चालू शासन निर्णयच हातात धरा.

एवढ्यात होडी येते का? नाही येत. इंजिनासकट साधी फायबरची होडी करायची तर खर्च लाखांत जातो, आणि चार-सहा सिलिंडरच्या नौकेचा हिशोब तर वेगळाच. शिवाय हे दर होडीच्या आकाराकडे बघत नाहीत. खाडीतली दोन माणसांची होडी आणि हर्णै बंदरातली मोठी नौका, दोघींना एकच रक्कम. वाहून गेलेलं इंजिन, जीपीएस, वायरलेस, फिश फाइंडर यांना या यादीत वेगळी ओळच नाही. मला हे चूक वाटतं आणि प्रत्येक निवेदनात मी ते लिहिते: दर नौकेच्या प्रकारानुसार असावेत, इंजिनाला स्वतंत्र रक्कम असावी. तोवर मिळणाऱ्या रकमेला भरपाई समजू नका. नव्या होडीसाठी दुसऱ्या योजनेकडे, विम्याकडे किंवा कर्जाकडे जावं लागणार हे धरूनच घरचा हिशोब मांडा.

पंचनाम्याला कोण येतं, आणि ते येईपर्यंत आम्ही काय करायचं?

तलाठी, म्हणजे आता ज्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात ते, ग्रामपंचायतीचे अधिकारी आणि मत्स्यव्यवसाय विभागाचा माणूस असे मिळून पंचनामा करतात. घरांचा आणि शेतीचा पंचनामा महसूलवाल्यांना अंगवळणी पडलेला असतो. होडी आणि जाळ्याचा नसतो. म्हणून आपल्या बाजूने जाणतं माणूस बरोबर हवं.

२०२१ चं एक उदाहरण सांगते. पाणी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी आमच्या वाडीतल्या एका भावोजींचं जाळं सापडलं. खाजणातल्या, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतल्या, झाडांना गुंडाळून बसलेलं, आत बांबू, प्लॅस्टिकच्या पिशव्या, कुणाच्या तरी घराचे पत्रे आणि चिखल. चौघांनी ओढून ते बाहेर काढलं. मग त्यांनी आणि वहिनींनी दोन दिवस बसून कचरा वेचला, जाळं धुतलं आणि अंगणात वाळत घातलं. घरात चिखल ठेवणार कोण? पंचनाम्याला माणसं आली ती त्यानंतर. त्यांना समोर दिसलं धुतलेलं, वाळलेलं जाळं. कागदावर 'अंशतः' असं लागलं. त्या जाळ्याचे मासे धरणारे आस, म्हणजे विणीतली घरं, इतके तुटले होते की उसवून फक्त दोर आणि बोये (जाळं तरंगवणारे गोळे) वापरता आले. पूर्ण आणि अंशतः यातला फरक जाळ्याच्या बाबतीत वरच्या दराने हजार रुपयांचाच आहे, पण होडीच्या बाबतीत तो नऊ हजारांचा आहे. तो फरक ठरतो बघणाऱ्याच्या समोर काय आहे त्यावर.

तेव्हा साफसफाई करा, थांबू नका. फक्त त्याआधी मोबाईलने फोटो काढा. लांबून एक, ज्यात आजूबाजूची ओळखीची जागा दिसेल, आणि जवळून चार. होडीचा नोंदणी क्रमांक, फुटलेला फळीचा भाग, चिखल भरलेलं इंजिन आणि त्यावरचा क्रमांक. लोकेशन चालू ठेवून काढलेला फोटो अधिक उपयोगी. होडी सापडलीच नाही तर ती जिथे बांधली होती त्या जागेचा फोटो, आणि त्याच दिवशी पोलीस ठाण्यात व मत्स्यव्यवसायच्या परवाना अधिकाऱ्याकडे लेखी खबर. पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नका.

पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. वाचता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. जाळी किती आणि कोणती हे लिहिलं आहे का, ते बघा. डोल, वावरी, पाग, रापण, ज्याचं त्याचं नाव यायला हवं. 'मासेमारी साहित्य' एवढंच लिहिलं असेल तर दुरुस्त करायला सांगा.

होडीचं रजिस्ट्रेशनच नाही. काही मिळेल का?

अवघड आहे, खोटं सांगत नाही. मदतीच्या शासन निर्णयांत नोंदणीची अट असते. खाडीतल्या छोट्या बिगर यांत्रिकी होड्यांचं हेच मोठं दुखणं आहे: पिढ्यान् पिढ्या चालत आल्या, कागद कुणी केला नाही. तरीही पंचनामा करून घ्याच. संस्थेच्या सभासद यादीतलं नाव, जुन्या वर्षांच्या पावत्या, ग्रामपंचायतीचा दाखला जोडा. पुढे राज्याने अट सैल केली तर ज्याचा पंचनामा आहे त्यालाच उभं राहता येतं.

आणि पुढच्या वेळेसाठी नोंदणी उरकून घ्या. ती रिअलक्राफ्ट या ऑनलाइन प्रणालीवर होते, मासेमारीचा परवाना महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ खाली मिळतो. मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्ह्याच्या सहाय्यक आयुक्तांना आमची मागणी आहे की खाडीकाठच्या प्रत्येक मोठ्या गावात वर्षातून एकदा नोंदणीचं शिबिर लावावं. पूर्वतयारीसाठी निधीतले १० टक्के ठेवलेले आहेत. शिबिराला त्यातला कितीसा लागणार?

बंदीच्या काळात पूर आला. तेव्हा मासेमारी बंद होती म्हणून मदत नाकारतील का?

नाकारायचं कारण नाही. १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी यांत्रिकी नौकांना आहे, आणि किनाऱ्यावर ओढून शाकारलेली, म्हणजे पावसासाठी झाकून ठेवलेली, नौका पुराने नेली तर नुकसान नुकसानच. बिगर यांत्रिकी होड्यांना तर बंदी लागूच नाही. खाडीत पावसाळाभर त्या चालतात. अडचण येते ती बंदी मोडून समुद्रात गेलेल्याला.

होडी मालकाची. खलाशाला काय? मासळी विकणाऱ्या बायकांना काय?

या प्रश्नासाठी मी हे सगळं लिहायला घेतलं.

होडी गेली की मालकाचं नाव यादीत चढतं. तिच्यावर वाट्याने जाणाऱ्या चार खलाशांचं काही 'नष्ट' झालेलं नसतं, म्हणून त्यांचं नाव कुठेच नसतं. टोपली घेऊन चिपळूणला किंवा खेडला बसणारी भोईण, दाभोळ बंदरावर लिलावात माल उचलणारी दालदी (कोकणातल्या मुस्लिम मच्छीमार समाजातली) बाई, मासळी सुकवणाऱ्या, सोलणाऱ्या, बर्फ फोडणारे, हातगाडीवाले, सगळ्यांचा धंदा त्याच दिवशी थांबतो. होडी दुरुस्त होईपर्यंत महिना-दीड महिना घरात रोख येत नाही.

यांच्यासाठी निकषांत एक तरतूद आहे आणि ती आपल्याकडे कुणी नावाने मागत नाही. ज्या कुटुंबाची उपजीविका आपत्तीमुळे गंभीर बाधित झाली आहे, त्याच्यातल्या दोन प्रौढ व्यक्तींना रोजगार हमीच्या मजुरीच्या दराने रोजची रक्कम देता येते. मुदत ३० दिवस, गरज असल्यास ६० पर्यंत वाढवता येते. ते कुटुंब मदत छावणीत राहत नसावं, आणि उपजीविका बाधित झाल्याचं राज्याने प्रमाणित करावं लागतं. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोहयोचा दर ३१२ रुपये होता. दोन माणसं, ३० दिवस, म्हणजे कुटुंबाला १८,७२० रुपये.

आता एका वाडीचा हिशोब मांडून बघू. आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. १० होड्या पूर्ण गेल्या, १८ फुटल्या, ४० जाळी नष्ट. केंद्राच्या दराने होड्यांचे २,५८,००० आणि जाळ्यांचे १,६०,०००, मिळून ४,१८,००० रुपये. त्याच वाडीत खलाशी आणि मासळी विकणाऱ्या बायकांची ९० कुटुंबं असतील तर उपजीविकेच्या तरतुदीने होतात १६,८४,८०० रुपये. चौपट. आपला सगळा पंचनामा, सगळी भांडणं, सगळे मोर्चे त्या चार लाखांसाठी होतात.

ही तरतूद आपोआप लागू होत नाही. राज्याने ठरवायला हवं, जिल्ह्याने प्रस्ताव पाठवायला हवा, आणि त्यासोबत कुटुंबांची यादी लागते. ती यादी आज कुणाकडे आहे? होड्यांची यादी मत्स्यव्यवसायकडे आहे, शेतकऱ्यांची सातबाऱ्यावर आहे. खलाशांची आणि विक्रेत्या बायकांची कुठेच पूर्ण नाही. म्हणून संस्थांनी ती आधीच करावी: नाव, आधार, बँक खातं, कोणत्या होडीवर किंवा कोणत्या बाजारात, किती वर्षं. ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि ठराव करावा. आमच्या संस्थेत आम्ही ती एका फुलस्केप वहीत केली. पहिल्या दिवशी सात बायका आल्या. चौथ्या दिवशी ओटीवर बसायला जागा नव्हती.

मासळीचा ओटा, शीतपेटी, सुकवलेला माल गेला. त्याचं काय?

जुलै २०२१ च्या पुरात राज्याने दुकानदारांना ५०,००० आणि टपरीवाल्यांना १०,००० रुपयांपर्यंत मदत दिली होती. अधिकृत दुकान किंवा टपरी, स्थानिक रहिवास, शिधापत्रिका अशा अटी होत्या. जमिनीवर टोपली मांडून बसणारी बाई दोन्हीत बसत नाही. नगरपालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या बाजारकराच्या पावत्या जपून ठेवा, जागेचा तोच एक पुरावा.

बायकांचा वेगळा विचार कधी झालाच नाही असं नाही. २०१९ च्या क्यार आणि महा वादळांनंतरच्या विशेष पॅकेजमध्ये मासळी विकणाऱ्या महिलांना शीतपेट्या देण्याचा निर्णय झाला होता. म्हणजे वाट आहे. तिचा दाखला देऊन मागा.

सुकट-बोंबलाच्या मालाला निकषांत जागा नाही. पावसाळ्याआधी केलेला वर्षाचा साठा घरातच असतो आणि पुरात तो पहिला जातो. निदान पंचनाम्यात किलो आणि किंमत लिहून घ्या.

खाडीतली शिंपली, म्हणजे तिसऱ्या आणि कालवं, मेली. याला कुणी नुकसान मानतं का?

आज तरी नाही. पुराचं गोडं पाणी आठ-आठ दिवस खाडीत राहिलं की पाण्याची खारटपणाची मात्रा उतरते. मासा हलतो, खालच्या बाजूला सरकतो. शिंपल्यातला जीव जागेवर असतो, तो मरतो. वरून गाळाचा थर बसला की पुढची वीणही धरत नाही. ओहोटीला खाडीत उतरून तिसऱ्या काढणाऱ्या बाईचं हे शेत आहे. तिच्या हातात होडी नाही, जाळं नाही, सातबारा नाही. वरच्या उपजीविकेच्या यादीत या बायकांची नावं पहिली घाला. आणि पुरानंतर खाडीची पाहणी मत्स्य महाविद्यालयाच्या लोकांकडून करून घ्यावी असं पत्र सहाय्यक आयुक्तांना द्या. रत्नागिरीत मत्स्य महाविद्यालय आहे, जाणकार माणसं जिल्ह्यातच आहेत.

कोळंबीचे तलाव आहेत. त्यांना?

मत्स्यबीज केंद्राला निविष्ठा (लागणारं सामान) अनुदान हेक्टरी १०,००० रुपये, आणि मत्स्यशेतीतला गाळ काढणं किंवा दुरुस्ती यासाठी हेक्टरी १८,००० रुपये असे दर आहेत. तलावाची नोंदणी आणि भाडेपट्टा चालू असायला हवा.

जेटी खचली, लिलावाची शेड उडाली, बंदरात गाळ भरला. हा खर्च आपत्तीच्या निधीतून होतो का?

तातडीच्या दुरुस्तीच्या यादीत रस्ते, पूल, पाणीपुरवठा, शाळा, प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि ग्रामपंचायतीच्या मालकीच्या सामुदायिक मालमत्ता आहेत. मासळीची जेटी तिथे नावाने नाही. पण लिलावाची शेड किंवा जाळी विणायची शेड ग्रामपंचायतीच्या मालकीची असेल तर ती शेवटच्या वर्गात मांडता येते. म्हणून मालमत्ता नोंदवहीत ती चढलेली आहे का, ते आताच बघा. बऱ्याच शेडी योजनेतून बांधल्या गेल्या आणि पुढे कुणाच्याच नावावर राहिल्या नाहीत.

मोठं काम, म्हणजे जेटी, गाळ, धूप प्रतिबंधक बंधारा, यासाठी जिल्हा वार्षिक योजना, प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना, महाराष्ट्र सागरी मंडळ आणि धोका कमी करण्याचा २० टक्क्यांचा निधी अशा वाटा आहेत. बंधाऱ्याबद्दल एक सांगते. दगडी भिंत घालताना होड्या ओढायची जागा सोडा, हे गावाने आराखड्याच्या वेळीच लेखी सांगायचं. भिंत झाल्यावर पुराच्या रात्री होडी वर घ्यायला उतार नसेल, तर त्या भिंतीने घर वाचतं आणि होडी जाते.

जिल्ह्याने किंवा तालुक्याने मच्छीमारांसाठी आराखडा करायचा तर सुरुवात कुठून करावी?

मे महिन्यापासून. पुराच्या दुसऱ्या दिवशी आराखडा होत नाही, तेव्हा फक्त धावाधाव होते.

मे अखेरीला नौका किनाऱ्यावर येतात आणि शाकारल्या जातात. सगळ्या नौका एका जागी, जमिनीवर, उभ्या. गणनेसाठी वर्षात यापेक्षा सोपा आठवडा नाही. सागर सुरक्षा रक्षक, परवाना अधिकारी आणि संस्थेचा एक माणूस यांनी किनाऱ्यावरून चालत जाऊन प्रत्येक नौकेचा फोटो, क्रमांक, इंजिन, मालक, खलाशी आणि जाळ्यांचे प्रकार लिहावेत. हीच यादी तहसीलदारांच्या सहीने जपून ठेवावी. पूर आल्यावर पंचनामा म्हणजे या यादीवर खूण करणं एवढंच काम उरेल. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आलं ते जून लागल्यालागल्या. असं पुन्हा होणार, तेव्हा हे काम मे मध्येच व्हावं.

जूनच्या आत गावातली सुरक्षित जागा ठरावी. होड्या पुराच्या वेळी कुठे न्यायच्या, ट्रॅक्टर किंवा क्रेन कुणाची, दोर कुठे ठेवलेत. आमच्याकडे भरतीची वेळ आणि डोंगरातून येणाऱ्या पाण्याची वेळ एकत्र आली की पाणी चढतं. अमावास्या-पौर्णिमेच्या भरतीला मोठा पाऊस असेल तर तालुक्याने खाडीकाठच्या गावांना वेगळा इशारा द्यायला हवा. शहरासाठी भोंगा वाजतो तेव्हा खालच्या वाड्यांनाही तो ऐकू गेला पाहिजे.

पैशाचा अंदाज तीन रकान्यांत मांडावा. पहिल्यात केंद्राच्या दराने काय मिळेल, दुसऱ्यात राज्याने वाढवून दिलं तर काय, तिसऱ्यात खरा खर्च किती. हा तिसरा रकाना आजवर मी कुठल्याही अहवालात पाहिलेला नाही, आणि तो नसेल तर पुनर्बांधणीच्या ३० रुपयांतून मागणार काय? खरा खर्च दाखवल्याशिवाय दर कमी पडतात हे वर कुणाला कळणार नाही.

आणि बैठकीत बाई असू द्या. मासळी बाजारातून निदान दोघी.

माणूस गेला तर?

मृताच्या वारसाला ४ लाख रुपये, मृत्यूच्या कारणाचा सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. याशिवाय प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेखाली मच्छीमारांचा गट अपघात विमा आहे: मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख, रुग्णालयाच्या खर्चासाठी २५,०००. हप्ता सरकार भरतं, पण नाव यादीत असावं लागतं. संस्थेकडे जाऊन आपलं नाव आहे का ते विचारा. खलाशांनी तर नक्की विचारा.

होडीवर कर्ज आहे. हप्ते थांबतील का?

आपोआप थांबत नाहीत. आपत्तीनंतर जिल्ह्यातल्या बँकांच्या समितीची बैठक होते, तिथे कर्जांच्या पुनर्गठनाचा निर्णय होतो. बैठकीत शेतीकर्जाचंच बोलणं होऊ नये म्हणून जिल्हाधिकाऱ्यांना आधीच पत्र द्या: मच्छीमारांचं किसान क्रेडिट कार्ड आणि नौकेची कर्जंही धरा. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीसमान दर्जा द्यायचा निर्णय घेतला आहे, पत्रात त्याचा उल्लेख असू द्या.

दोन योजनांतून मदत घेता येते का?

एकाच आपत्तीसाठी, एकाच होडीसाठी नाही. निकषांत स्पष्ट लिहिलं आहे की त्याच आपत्तीसाठी दुसऱ्या सरकारी योजनेतून मदत घेतली असेल किंवा मिळण्यास पात्र असाल, तर या निधीतून होडी-जाळ्याची मदत नाही. घराची मदत वेगळी, तिचा होडीशी संबंध नाही. घर पूर्ण पडलं तर सपाट भागात १ लाख २० हजार, कपडे आणि भांड्यांना कुटुंबामागे प्रत्येकी २,५०० असे केंद्राचे दर आहेत. घरही गेलं आणि होडीही गेली असेल तर दोन स्वतंत्र अर्ज करा. एका कागदावर दोन्ही लिहिलं की एक गहाळ होतं, हे मी तीन घरांच्या बाबतीत पाहिलंय.

पैसे किती दिवसांत येतात?

क्यार आणि महा ही वादळं ऑक्टोबर-नोव्हेंबर २०१९ मधली. मच्छीमारांच्या विशेष पॅकेजचा निर्णय झाला ऑगस्ट २०२० मध्ये. अख्खा हंगाम मध्ये निघून गेला. घराचे पैसे त्यामानाने लवकर येतात, होडी-जाळ्याचे मागून.

उशीर पुष्कळदा खात्यामुळेही होतो. आधार बँक खात्याला जोडलेलं नाही, खातं वर्षानुवर्षं वापरलं नाही म्हणून बंद, होडी वडिलांच्या नावावर आणि वडील वारलेले. वारस नोंद पावसाळ्याआधी करून घ्या.

यादीत नाव नाही, किंवा पूर्ण नष्ट होडीला दुरुस्तीचे पैसे आले. आता?

आधी यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली का ते बघा, लागली असेल तर ताबडतोब तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या, फोटो जोडून. तोंडी सांगून काही होत नाही, कितीही भला अधिकारी असला तरी त्याला फाइलला लावायला कागद लागतो.

उत्तर नाही मिळालं तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं एवढंच: माझ्या होडीच्या पंचनाम्याची प्रत, गावाची मंजूर यादी, आणि नाव वगळलं असेल तर त्याचं लेखी कारण. आमच्या वाडीतल्या एकांना प्रत हातात आल्यावर दिसलं की त्यांच्या होडीचा क्रमांक दुसऱ्याच्या नावापुढे लिहिला गेला होता. दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी दिला. उरलेले पैसे दीड महिन्याने खात्यावर आले.